मंगळवारची माळ

आमच्या चर्चच्या गटातून घरभेटींना जायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण गेल्या ऑक्टोबरात मला या कामाचा मनापासून वीट आला होता. गिरगावातून निघायचं, परळ-लालबागच्या चाळींचे जिने चढायचे, कुणाकडे किराणा पोचवायचा, कुणाला दवाखान्यात न्यायचं आणि निघताना त्यांच्यासोबत प्रार्थना म्हणायची. प्रार्थना तोंडातून निघत होती, पण आत काहीच हलत नव्हतं. नवरा गेल्यापासून हे असंच चाललं होतं. देव खरंच ऐकतो का, असा प्रश्न मला पडायचा आणि तो कुणाला विचारायची चोरी होती, कारण घरोघरी जाऊन ‘देव ऐकतो’ असं सांगणारी मीच होते.

त्यात पास्कूकाकांचं प्रकरण आलं. काका आणि त्यांच्या पत्नी रेजिनाकाकू डिलाईल रोडवरच्या एका चाळीत राहतात. काकांची मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिस चालू होतं. जाण्या-येण्याच्या टॅक्सीची सोय आमचा गट करत होता. पण एक दिवस काकांनीच ‘बस्स झालं’ म्हणून जायचं सोडून दिलं. पाय सुजले, जरा हललं की धाप लागू लागली. उद्या सकाळी यांना आणलं नाही तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं एका सकाळी डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं. आम्ही समजवायला गेलो होतो, तेव्हा काकांनी आम्हाला दारातूनच वाटेला लावलं होतं.

ऑक्टोबर हा आमच्यात माळेचा महिना. मारियामातेची मूर्ती एका घरून दुसऱ्या घरी जाते, तिथे रात्रभर मुक्काम करते आणि शेजारीपाजारी जमून तिच्यापुढे माळेची प्रार्थना म्हणतात. काकूंनी नवऱ्याला न विचारताच त्याच संध्याकाळसाठी आपलं घर दिलं. एके काळी काका स्वतः माळ सांगायचे, म्हणजे पुढे बसून सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचे. त्यांच्या आवाजाची ख्याती होती. आजारात तो आवाज बसला आणि हळूहळू त्यांना कुणी बोलावेनासं झालं. मूर्ती दारात आली की हा माणूस विरघळेल, अशी काकूंची आशा होती. खरं सांगायचं तर माझी तेवढीही नव्हती.

घरभेटीला आम्ही कधी एकट्याने जात नाही. त्या दिवशी माझ्या जोडीला ग्रेटाबाई होत्या, मूर्ती माझ्या हातात होती. काकांचं दार बंद. आतून काकूंचं रडणं ऐकू येत होतं.

“नाय उघडायचं!” काका आतून ओरडले. “तिला दुसरीकडं न्या. माझं झालं आता.”

निघालेली मूर्ती आल्या वाटेने परत न्यायची नाही, जमिनीवर ठेवायची नाही, अशी आमची रीत. त्यामुळे मी तिला कवटाळून चाळीच्या गॅलरीत तशीच उभी राहिले. हात भरून आले. मला काकांचा राग आला, आणि लपवून काय उपयोग, मारियामातेचाही आला. तुझ्या लेकरासाठी तुला एक दार उघडता येत नाही, असं मी मनात तिला सुनावलंसुद्धा.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. काकांच्या शेजारीण सावंतकाकी, मूळच्या मालवणच्या, हात पुसत बाहेर आल्या.

“अगो बाय, देवीक असा भायेर ताटकळत ठेवतत काय? आणा हकडे!”

आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी शिलाई मशीनवर धुतलेली साडी अंथरली, शेजारी समई लावली. कुंकवाचा करंडा हातात घेऊन त्या थबकल्या आणि विचारलं, “हिका चलतला मां?” ग्रेटाबाई हसून म्हणाल्या, “फुलं वाहा, काकी. फुलं फार आवडतात तिला.” मग गॅलरीतल्या तगरीची फुलं आली, चार शेजारणी आल्या, आणि माळ सांगायची पाळी माझ्यावर आली.

माझं चित्त कुठे थाऱ्यावर होतं! मी क्रुसाची खूण केली आणि आनंदाची रहस्यं सुरू केली. माळ म्हणताना प्रभूच्या जीवनातल्या ज्या घटनांचं आम्ही चिंतन करतो त्यांना रहस्यं म्हणतात आणि ती वारांप्रमाणे ठरलेली असतात. ग्रेटाबाईंनी मला कोपराने ढोसलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. काकीची आणि काकांची खोली यांच्यामध्ये भिंत म्हणजे नुसत्या फळ्या. त्या फळ्यांवर पलीकडून धाडकन थाप पडली.

“अगं, आज मंगळवार हाय! आनंदाची कुठून काढलीस? दुःखाची घे, दुःखाची!”

मी शरमले. पुढे काय म्हणायचं तेच आठवेना. मग पलीकडच्या दाराची कडी वाजली. काकूंच्या खांद्याचा आधार घेत, भिंत धरत, काका आले आणि धापा टाकत काकीच्या पलंगावर बसले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मी निमूटपणे माळ त्यांच्या हातात दिली. आवाज चिरका झाला होता, मध्येच तुटत होता. तुटला की काकू वाक्य पुरं करायच्या आणि श्वास मिळाला की काका पुढे न्यायचे. शेजारणींना प्रार्थना येत नव्हती, पण ‘आमेन’ म्हणायला त्या चुकल्या नाहीत. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्रीची, गेथशेमनीच्या बागेतली प्रभूची व्याकुळता काकांनी सांगितली, तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली. नवरा गेल्यापासून मी प्रार्थनेत रडले नव्हते.

माळ संपल्यावर काकांनी मूर्तीकडे पाहिलं. मग म्हणाले, “शुक्रवारी कोण सांगणार?”

शुक्रवारीही दुःखाचीच रहस्यं असतात, आणि ती मीच सांगणार होते. पण ग्रेटाबाई डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या, “अजून कुणी ठरलं नाही.”

“मग सकाळी टॅक्सी आणा,” काका म्हणाले. “हिच्या भरवशावर सोडलं तर शुक्रवारी मारियामातेला गौरवाची रहस्यं ऐकवील ही.”

काकू एकदम रडता रडता हसायला लागल्या. सावंतकाकी तर सकाळी आमच्याही आधी जिन्याखाली येऊन उभ्या होत्या, काकांना धरून न्यायला.

काका आजही डायलिसिसला जातात, कुरकुरत जातात. बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी जे घडलं त्याला काय म्हणायचं, ते मी ठरवत बसत नाही. मी मागितलं होतं एक दार, आणि तिने माझ्यासाठी शेजारचं उघडलं. माझ्याकडून एक गोष्ट धड झाली नाही, तरी तिचं काही अडलं नाही, याचा मला फार मोठा दिलासा वाटतो. आता कुणाच्याही दारात उभी राहिले की मी एवढंच म्हणते, आई, मला काही सुचत नाही, तू बघ. आणि मग कडी वाजवते.