गॅस भरला की लागणारा दिवा

आमचे हे, म्हणजे रवींद्र, बेचाळीस वर्षं पंपांची डिझाइनं करत होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी घरातलं एकही यंत्र त्यांच्या तावडीतून सुटत नाही. टोस्टर बिघडला तर दुसरा आणायचा नाही, आधी हा का बिघडला ते शोधायचं. इथे कॅनडात, व्हिटबीच्या आमच्या बेसमेंटमध्ये असे चार टोस्टर पोट फाडून पडलेत. मी ओरडते, ते 'हं' म्हणतात. आमचा संसार पंचेचाळीस वर्षं असाच चाललाय, आणि माझा आवाज असा की शेजारच्यांनाही तो पाठ झालाय.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात गाडीचा 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला. गॅस, म्हणजे इथलं पेट्रोल, भरून निघालो, गाडी दोन-तीनदा खोकून सुरू झाली आणि समोर हा दिवा. चार दिवसांनी आपोआप गेला. पुढच्या वेळी गॅस भरला, पुन्हा हजर! ह्यांना तर आनंदच झाला. वही काढून तारखा लिहिल्या, कोड वाचायचं यंत्र मागवलं, टाकीचं झाकण नवीन आणलं. दिवा ऐकेल तर शपथ. गॅरेजमध्ये न्या म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. मोठे इंजिनिअर, एक दिवा विझवता येत नाही, असंही म्हणून घेतलं. माझी जीभ, दुसरं काय.

आमचा मुलगा पुष्कर ओटावाला, तिथल्या कनाटा भागात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने फोनवरच निदान केलं. टाकीचं झाकण सैल राहिलं की हा दिवा लागतो, म्हणजे बाबा झाकण लावायला विसरतात, म्हणजे बाबा विसराळू झालेत. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगला येतो आणि गाडीची किल्ली घेऊन जातो, असं त्याने जाहीर केलं. मुलगा कसला, सासराच! आमच्याकडे बस पकडायला वीस मिनिटं चालावं लागतं, विंटरमध्ये तर नावच नको. आणि ह्यांचा सगळा जीव त्या स्टिअरिंगमध्ये. दर शनिवारी मराठी मंडळातल्या तीन म्हाताऱ्यांना ग्रोसरीला नेतात, त्यासाठी शुक्रवारीच गाडी धुऊन ठेवतात. गाडी गेली तर हा माणूस बेसमेंटमध्ये नुसता बसून राहील. शेवटी मीच त्यांना ओढत गॅरेजला नेलं.

गॅरेजवाला संजय इंदूरचा. त्याने गाडी वर चढवली, टाकीजवळचा एक काळा डबा सोडवला आणि उपडा केला. आतून गॅस ठिबकायला लागला. ह्या डब्यात फक्त टाकीतली वाफ धरून ठेवायची असते, गॅसचा थेंबही जायला नको, गेला की दिवा लागतो, असं त्याने हिंदीतून समजावलं. मग विचारलं, टंकी कौन भरता है? क्लिक होने के बाद भी डालते हो क्या? मी घाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

कारण टाकी मी भरते. इथे पंपावर गॅस आपला आपणच भरायचा, आणि ह्यांचा खांदा धरलाय तेव्हापासून हे स्टिअरिंगवर आणि मी पंपावर; झाकण तेवढं शेवटी हे उतरून लावतात. नळी खट् करून थांबली म्हणून मी थांबते होय? आमच्या माहेरी पाहुणा 'पुरे' म्हणाला की मग खरं वाढणं सुरू व्हायचं. मी आपली अजून एकदा दाबायची, मग अजून एकदा, मग हा शेवटचा म्हणून आणखी एकदा. टाकी बिचारी नको नको म्हणत होती, तिचं कोण ऐकतंय.

"मैं भरता हूँ," हे शांतपणे म्हणाले. "आदत है."

संजयने डबा बदलला. घरी येताना मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मागच्याच खेपेला, म्हणे, आरशातून बघितलं. मग बोलायचं नाही का? तर म्हणे, सांगून तू कधी वाढायची थांबली आहेस? पुष्करला मात्र ह्यातलं काही कळू देऊ नकोस, असं त्यांनी दोनदा बजावलं. फोनवर त्याला, क्लिकनंतरही आपणच भरत होतो, असं सांगितलं.

ऑक्टोबरात पुष्कर आला. जेवणं झाल्यावर त्याने हळूच विषय काढला. जन्मभर पंपांचं काम केलेला माणूस क्लिक झाल्यावर थांबायचं विसरतो, म्हणजे आता गाडी नको, असं त्याचं म्हणणं. त्याने हात पुढे केला. ह्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मला ते बघवेना.

"पुष्कर, टाकी मी भरते," मी म्हटलं. "क्लिक झाल्यावर दाबत राहायची ती मी. बाबा काहीही विसरलेले नाहीत."

पुष्कर ह्यांच्याकडे वळला. "बाबा, व्हाय डिडंट यू से एनिथिंग? गाडी जात होती तुमची."

"गेली असती तर गेली असती," हे म्हणाले. "हिची आई शेवटी हिलाच ओळखेनाशी झाली होती. चष्मा सापडला नाही तरी ही घाबरते. तू मला विसराळू म्हणालास, मला काय होतंय? हिला म्हणाला असतास तर हिने हाय खाल्ली असती."

उन्हाळाभर मी ह्या माणसाला नाही नाही ते बोलले होते, आणि हा माझ्यासाठी गाडी द्यायला निघाला होता. पुष्करने किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. मला रडूच फुटलं.