आबांनी विचारलेला रस्ता

कोल्हापुरात ती गल्ली कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारणारा माणूस आवाज खाली करूनच विचारायचा. तुकाराम आबांनी मात्र भर दुपारी, पानपट्टीपुढच्या गर्दीत, खणखणीत आवाजात विचारलं, "पावणं, धंदेवाल्या बायकांची गल्ली कुठली वो?"

माणसं खिदळली. एकजण म्हणाला, "म्हाताऱ्या, ह्या वयात?"

"माझी पोरगी शोधाय आलोय," आबा म्हणाले. मग कुणी हसलं नाही, पण रस्ताही कुणी दाखवला नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. त्या गल्लीच्या तोंडाशीच असलेल्या दवाखान्यात मी नर्स होते. पोस्टातून परतताना हे कानावर पडलं आणि मी त्यांना सोबत घेतलं.

आबा आजऱ्याकडचे, काजूच्या कारखान्यात कामाला. काजूच्या टरफलातल्या तेलानं बोटांची टोकं काळी पडलेली. बायको लवकर गेली. तिन्ही मुली त्यांनीच वाढवल्या, वेण्यासुद्धा स्वतः घालायचे. थोरली शेवंता एकोणीस वर्षांची. शिवणकामाची नोकरी देते म्हणून एका ओळखीच्या बाईनं तिला नेलं, ते नेलंच. पुढं गावच्या एका ट्रक ड्रायव्हरनं तिला या गल्लीत पाहिलं.

"आबा, जरा हळू विचारत जा," मी म्हटलं.

"का म्हून? लाज तिला नेणाऱ्यानं बाळगावी. मी बाप हाय."

ते दारोदार फिरले. प्रत्येकीला "बाळ" म्हणायचे. "बाळ, माझ्या शेवंताला बघितलंस का?" दारात उभं राहून कुणाला तरी शिव्या घालणारी एक बाई त्यांच्यापुढं गप्प झाली, तिनं डोक्यावर पदर घेतला. पण सगळ्यांनी मान हलवली. न्हाय बघितली.

दुसऱ्या दिवशी तापाचं औषध न्यायला एक मुलगी आली. बाकीचे पेशंट जाईपर्यंत थांबली.

"काल आलता त्यो माझा आबा," ती म्हणाली. "मी माळ्यावर लपलो हुतो. बाई, त्यास्नी सांगू नगासा. धाकट्या दोघींची लग्नं व्हायची हाईत. माझं कळलं तर त्यास्नी कोण करून घील? सांगितलंसा तर मी जीव देईन."

मी तिला शब्द दिला.

त्यानंतर चार वर्षं आबा दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिले. गल्लीतून फेरी मारायचे, मग माझ्याकडं येऊन विचारायचे, "दिसली का वो कुठं?" मी नाही म्हणायची आणि चहा पुढं करायची. चहा पिता पिता ते घरचं सांगायचे. मधलीचं लग्न झालं. मग धाकटीचंही झालं. आबांनी हे सांगितलं त्याच संध्याकाळी मी शेवंताला गाठलं. "आता तरी सांगू?"

ती तोवर निम्मी झाली होती. ज्या दुखण्यावर तेव्हा गरिबाच्या हाती औषध नव्हतं, ते तिला लागलं होतं. "असल्या अंगानं त्यांच्याम्होरं उभी ऱ्हाऊ?" ती म्हणाली.

दोन महिन्यांनी ती गेली. गल्लीतल्या बायकांनीच तिला स्मशानात पोहोचवलं.

त्यानंतर आबा आले तेव्हा मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते भिंतीकडं बघत ऐकत राहिले. मग विचारलं, "मरताना जवळ कोण हुतं?"

"मी होते."

"पाणी पाजलंसा?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "तुमास्नी कवापास्नं ठावं हुतं, बाई?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

आबा उठले. दाराची चौकट धरून मागं वळले.

"लग्नं मोडली असती तर मोडू द्याची हुती की, बाई," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.