दाताचं कायद्यात न्हाय

आमच्या गाईने विताना जीव सोडला, तेव्हा तिचं वासरू माझ्या बायकोने पेज पाजून वाढवलं, त्याचा बैल झाला. बायको गेली आणि तिचं बारावं होतंय तोवर पुतण्याने तो बैल दाव्यासकट नेला. म्हणाला, “काका, शेतात ट्रॅक्टर फिरतो. बैलगाडी शर्यतीचा कायदा झालाय, परवानगी मिळते. बसवून कशाला खायला घालता?”

श्रीवर्धनच्या बाजूला ओहोटीच्या वाळूवर शर्यत लागली. मी बैल परत आणायला गेलो. छकडा सुटला तसा हाकायला बसलेला पुतण्या पुढे वाकला, आमच्या बैलाची शेपटी तोंडात धरली आणि चावली. शेपटी मधेच मोडून लोंबली. बैल हंबरत धावला, रक्त चाकावर उडालं.

मांडवात परवानगीवाले साहेब बसले होते. मी म्हटलं, “थांबवा हे.”

त्यांनी कागद बघितला. “आजोबा, काठी बंद, खिळ्याची पराणी बंद, शॉक बंद. दाताचं यात काय न्हाय.”

पुतण्या जिंकून आला. तोंडाला रक्त तसंच. मी त्याचा हात धरून उरलेसुरले दात मनगटात रुतवले. लोकांनी मला लाथा घातल्या तेव्हा त्याचा हात सुटला.

मी म्हटलं, “साहेब, दाताचं कागदात न्हाय ना?”

पुतण्याला दवाखान्यात नेला, मी बैल घरी आणला. त्याला आता माशी हाकलता येत नाही. दर ग्रामसभेला मी उठतो आणि सांगतो, शर्यतीला परवानगी देऊ नका. पोरं म्हणतात, “चावरा म्हातारा आला, हात खिशात घाला.” घाला म्हणावं. मी खाली बसत न्हाय.