छत्तीस इंचांचा ओटा

चांगदेव जातीनं सुतार नाही. पेणकडच्या खारपट्टीतला आगरी. बापाची मिठागरं बुडाली तेव्हा हा पनवेलला एका फर्निचरवाल्याकडे रंधा मारायला शिकला, आणि मग अलिबागला येऊन टेकला. आज बावन्न वर्षांचा आहे. थळपासून रेवदंड्यापर्यंत मुंबईकरांनी जे बंगले बांधलेत, त्यातली ऐंशीएक स्वयंपाकघरं त्याच्या हातची. सगळी ‘युरोपियन’. म्हणजे कपाटांच्या शटरला मूठ नाही, वर काही दिसायचं नाही, डबेबाटल्या सगळं पोटात, आणि ओट्याची एक रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेलेली. त्या रेघेवर त्याचा फार जीव. मालक गृहप्रवेशाला बोलवत नाहीत, फोटोत नाव देत नाहीत, पण रेघ कुणाची ते चांगदेवला ठाऊक असतं. तेवढ्यावर माणूस तीस वर्षं काढतो.

त्याचं स्वतःचं घर एसटी स्टँडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर, दीड खोली. स्वयंपाकाची जागा सात फूट बाय साडेपाच. गॅस कडप्प्याच्या फळीवर, बाकी सगळं जमिनीवर. विळी जमिनीवर, परात जमिनीवर, मासळी साफ करायची तीही मोरीच्या उंबऱ्याशी उकिडवं बसून. सुताराच्या घरात ओटा नाही, हे मी त्याला तोंडावर अनेकदा ऐकवलेलं. तो हसायचा. हसायलाही त्याला कंटाळा यायचा, असं वाटायचं.

त्याची बायको गोदू आमच्या घरकामगार संघटनेची सभासद. नागावच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला जाते. ते काम चांगदेवनंच लावून दिलेलं, कारण तिथलं किचन त्यानंच केलं होतं. गेल्या वर्षी गोदूचा उजवा गुडघा गेला. मोरीत घसरले, एवढंच तिनं सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरनं सांगितलं, खाली बसणं कायमचं बंद. बसलात तर पुढं काठी घ्यावी लागेल. गोदूनं तीस वर्षांत नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं.

“मना उभ्यानं रांधायचं हाय. बंगला सोडते. कोर्टातल्या लोकांचे डबे घरातनं करीन. पण उभ्यानं जमलं तरच. न्हायतर मी दोन्हीकडनं गेली.”

“मग युरोपियनच करतो,” चांगदेव म्हणाला.

मी एका अर्जावर गोदूची सही घ्यायला गेले तेव्हा त्यानं जमिनीवर कागदी चिकटपट्टीनं सगळं किचन आखलं होतं. कुठे सिंक, कुठे शेगडी, कुठे ट्रॉल्या. कानावर पेन्सिल, डोळे लाल. दिवसभर कुणाच्या तरी बंगल्यात प्लाय कापून आलेला.

“ताई, तुमी इथं उभ्या ऱ्हावा. तुमी फ्रीज.”

“माझं तोंड बंद होत नाही, मी कसला फ्रीज?”

“म्हणून तर. शटर उघडल्यावर किती जागा ऱ्हाते ते कळंल.”

गोदू दारात कुबडीसारखा झाडू धरून उभी होती. ती हसली. पण तिला कुठं उभं करावं हे चांगदेवला सुचलं नाही. मलाही नाही.

मग दोन महिने रविवार आणि उरलेल्या संध्याकाळी. एवढ्याशा जागेत त्यानं काय काय बसवलं! कोपऱ्यात फिरणारी फळी, तळाशी पायाची बोटं शिरायच्या फटीतसुद्धा एक चपटी ट्रॉली, मसाल्याचं कपाट हातभर रुंद. मरीन प्लाय, वर राखी सनमायका. दमून दमून करत होता. एकदा बोटात पटाशी घुसली, तर पट्टी बांधून तसाच बसला. “परक्याच्या घरात घाई करत न्हाय, इथं कशाला करू?” म्हणाला.

ओट्याखालच्या कपाटांचे बॉक्स बसले, वरचा दगड दुसऱ्या दिवशी यायचा होता, तेव्हा त्यानं मला मुद्दाम बोलावलं. वर तात्पुरता प्लाय टाकला होता. शेगडी नुसती ठेवून बघितलेली. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. ती रेघ होती.

“जा, उभी ऱ्हा,” तो गोदूला म्हणाला.

गोदू गेली. उंची चार फूट आठ इंच. ओट्याची कड तिच्या कोपराच्या वर. शेगडीवर तिचा भाताचा तोप ठेवला, तर आत काय आहे ते बघायला तिला टाचा उचलाव्या लागल्या. ती बाहेर गेली, जेवायचा पाट आणला, ओट्यापुढे ठेवला आणि भिंत धरून त्यावर चढली.

“हे काय?” चांगदेव.

“उभी ऱ्हायली.”

“पाटावर?”

“बंगल्यावर बाटल्यांचा क्रेट घेते, उलटा. इथं क्रेट कुठनं आणू?”

“कुठल्या बंगल्यावर?”

“तुमीच केलाय तो.”

मग गोदू पाटावरूनच, पाठ करून म्हणाली, “गुडघा मोरीत घसरून न्हाय गेला. क्रेटवरनं गेला. तोप उतरवताना. तुमचं काम, तुमाला कसं सांगायचं?”

मला राग आवरत नाही, हे अलिबागच्या सगळ्या कचेऱ्यांना माहीत आहे. मी सुटले. “चांगदेव, हे माप कुणी दिलं तुला?”

“छत्तीस. युरोपचं हेच माप. सगळीकडे हेच बसवलंय.”

“युरोपची बाई येणार आहे का इथं भाकऱ्या थापायला? ऐंशी घरांत ओटे लावलेस, एकदा तरी विचारलंस का रांधणार कोण?”

“मालक उभा ऱ्हाऊन बघायचा, ताई. हात ठेवून. बरोबर हाय म्हणायचा.”

“आणि मालक रांधायचा?”

मी अजून दोन वाक्यं तयार ठेवली होती. पण ती तोंडातच राहिली. सभासदांच्या कामाची माहिती विचारणारा आमच्या संघटनेचा अर्ज मीच लिहिलेला आहे. शाळा सातवीत सुटली, पण कायद्याची पुस्तकं वाचून, एकेक ओळ जुळवून लिहिलेला. त्यात तास आहेत, सुट्ट्या आहेत, चहा मिळतो का हे आहे. कामवालीच्या कपाला वेगळी खुंटी असते का, हेसुद्धा आहे. ओटा किती उंच, हे नाही. चार वर्षं गोदू दर महिन्याला माझ्यासमोर बसते, आणि गुडघा कसा गेला हे मीही ‘मोरीत’ असंच ऐकून सोडून दिलं. मग मी कुणावर ओरडत होते?

चांगदेवनं गोदूला हाताला धरून खाली उतरवलं. “हात वाकव,” म्हणाला. तिनं कोपरात हात दुमडला, पोळी लाटताना असतो तसा. त्यानं टेप लावला. पुन्हा लावला. “तीस,” स्वतःशीच म्हणाला. मग तोप हातात घेऊन त्याची उंची मोजली. “शेगडीपाशी सत्तावीस. न्हायतर तोपात दिसणार न्हाय.”

“म्हणजे मधेच पायरी?” मी विचारलं. “तुझी रेघ?”

“तुटंल.”

“चांगलं न्हाय दिसायचं,” गोदू म्हणाली. खरंच काळजीनं म्हणाली. “लोक म्हणतील, सुताराला आपलंच घर सरळ करता येत न्हाय.”

“म्हणू दे.”

दगडवाल्याला थांबवलं. बसवलेले बॉक्स पुन्हा उपसून काढले. वरून कापायचं म्हणजे वरची ट्रॉली गेली, शटरच्या खाचा गेल्या, सनमायका कडेला फुटला. तळाची पट्टीही उतरवली, त्यामुळे खालची चपटी ट्रॉली तर टाकूनच द्यावी लागली. आणखी तीन आठवडे गेले. या वेळी तो काही दाखवत नव्हता, बोलावतही नव्हता. मी आपणहून गेले की चहा मिळायचा, आणि चहा देताना गोदू भिंत धरायची.

जेवायला बोलावलं ते शेवटी. गोदू ओट्याशी उभी होती, दोन्ही पाय फरशीवर. बांगड्याचं कालवण उकळत होतं आणि ती वरून त्यात बघत होती. एवढंच. नुसती बघत होती. मधल्या पायरीवर तिनं फडकं वाळत घातलं होतं. पहिल्याच दिवशी.

“जमतंय का?” मी विचारलं.

“पाऊण तास झाला. दुखतंय, पण चढउतार न्हाय. एक तारखेपास्नं वीस डबे घेतलेत.”

चांगदेव भात कालवत बसला. मी विचारलं नव्हतं, तरी हात धुताना म्हणाला, “चौलला माझी दोन किचन, रेवदंड्याला एक, थळला चार... तिथल्या बाया तुमच्यात हायत का?”

“काही आहेत.”

“विचारा त्यांना. मना जायला तोंड न्हाय.”

नागावच्या मालकाला त्यानं फोन केला होता म्हणे. ओटा कमी करून देतो, मजुरी नको. मालक म्हणाले, दगडाला हात लावू नकोस, बाहेरून मागवलाय. आणि पुण्याच्या एका नव्या कामाचा नकाशा आलाय, त्यावर छत्तीस छापलेलंच आहे. तो ते काम करणार आहे. पोट आहे. यावर मी ओरडले नाही. ओरडायला मलाही हल्ली दम लागतो.

मी विचारायला सुरुवात केली आहे. पहिलं घर चौलचं. तिथली बाई श्रद्धा, माझ्या खांद्याला लागेल एवढी. किचनमध्ये शेगडीपुढे रंगाचा रिकामा डबा पालथा घातलेला होता, त्यावर दुमडलेलं गोणपाट. मी ओट्याचं विचारलं, तर तिनं आधी मालकीणबाई कुठं आहेत ते पाहिलं, मग पदरानं दगड पुसला.

“ओटा झ्याक हाय, ताई,” ती म्हणाली. “आमीच बुटक्या.”