आजीसोबत वाकणारी

बहिणीकडे धारूरला गेलो असताना डोंगरावरच्या देवीच्या देवळात मी त्या मुलीला एकदाच पाहिलं. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात छोटासा क्रूस होता आणि शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या आजीला दंडाला धरून तिनं वर आणलं होतं. आजी मूर्तीपुढे वाकली, तशी आधार देता देता तीही वाकली.

बाहेर ओट्यावर ती आजीचे गुडघे चोळत बसली. मी विचारलं, "तुमच्यात चालतं का हे?"

"आमच्या शास्त्रात दुसऱ्या देवापुढं वाकू नका, असंच हाय," ती म्हणाली. "पर त्यातच एका परक्या सरदाराची गोष्ट हाय. आमच्या देवानं त्याचा रोग बरा केला. पर त्याचा राजा त्याच्या हातावर टेकून आपल्या देवळात वाकायचा. सरदार संदेष्ट्याला, म्हंजी देवाचा निरोप सांगणाऱ्याला, म्हणला, राजासंग मलाबी वाकावं लागतंय, तेवढी माफी असू द्या."

"मग संदेष्टा काय म्हणाला?"

"सुखानं जा, म्हणला. चालतंय म्हणला न्हाई, अन् चालत न्हाई असंबी म्हणला न्हाई." ती हसली, पण बोटं क्रूसाशी गेली. "मला लई भ्या वाटतं. पर आजीचा हात सोडू कसा?"

आजी सगळं ऐकत होती. "म्या देवीला दुसरं काय मागितलंच न्हाई," ती म्हणाली. "हिच्या देवानं हिच्यावर रागवू नये, एवढंच मागितलं."

आजीचा घसरलेला पदर तिनं सारखा केला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.