किट्टमेडूचे नऊ ढीग

माझा धाकटा भाऊ शेषाद्री गेला, त्याला या कार्तिकात दोन वर्षं होतील. तंजावरात त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक, तो गावातला शेवटचा मोडी वाचणारा होता. दुसरी, शेवटी शेवटी त्याचं डोकं फिरलं होतं. पहिली खरी आहे. दुसरी मीच पसरवली, आणि ती खोटी आहे. म्हणून हे लिहायला बसले.

आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इथे आले आणि दप्तरात बसले. राज्य गेलं, दप्तर राहिलं, आणि आम्हीही त्यालाच चिकटून राहिलो. अप्पा सरकारी दप्तरखान्यात मोडी वाचायचे. कागदांचा रुमाल सोडायचा, कागद वाचायचा आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर चार ओळींत त्याचा सारांश लिहायचा, हे त्यांचं काम. मूळ कागद दुसऱ्या कुणाला वाचताच येत नव्हता, तेव्हा पुढे जो येईल तो ते कार्डच खरं धरायचा.

शेषू दहा वर्षांचा झाला तेव्हा अप्पांनी त्याला मोडी शिकवायला घेतली. मी चौदा वर्षांची होते आणि त्याच्याहून हुशार होते. मीही पुढे सरसावले तर म्हणाले, "वत्सला, मुलीला मोडी घेऊन काय करायचंय? जा, दारात कोलम काढ." मी दाराआड बसून त्याचा पाठ ऐकायची, कोलमच्याच तांदळाच्या पिठाने फरशीवर अक्षरं काढायची आणि कुणी बघायच्या आत पुसून टाकायची. त्याचा राग मला आजही येतो.

त्या पाठातलं अप्पांचं एक वाक्य मला पाठ आहे. "कागदाचं डोकं वाच, पाय वाच. पोट सगळ्यांचं सारखंच असतं." कुणी, कुणाला आणि कशाबद्दल लिहिलं ते वर असतं, तारीख आणि शिक्का खाली असतो. मधला मजकूर बहुतेक ठरलेला. कागद लाखांनी पडलेले आणि माणसाला आयुष्य एकच, म्हणून पोट सोडून द्यायचं. अप्पांनी तसंच केलं, आणि त्यांच्यानंतर त्याच खुर्चीवर बसून शेषूनेही चौतीस वर्षं तेच केलं.

शेषू कसा होता म्हणाल तर अति काटेकोर. लग्न केलं नाही, कारण मुलींच्या पत्रिकांमध्ये त्याला चुका सापडायच्या. मोपेडवर बसायच्या आधी दोन्ही चाकं दाबून बघायचा. माझ्याकडे आला की कॉफीचा पहिला घोट घेऊन म्हणायचा, "डिकॉक्शन कालचं आहे, अक्का." असायचंही कालचंच. असा माणूस एका कागदात चुकला.

ब्याण्णव साली वल्लमच्या बाजूला, जिथे आमची काळी गाळाची जमीन संपून लाल माती सुरू होते, तिथे एक नवी वसाहत आखली गेली. जागेचं जुनं नाव किट्टमेडू. किट्टम म्हणजे लोखंडाचं कीट, मेडू म्हणजे उंचवटा. तेव्हा सगळीकडे नवं वारं होतं, केबल आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी. बूथ उघडत होते, आणि शेतं बघता बघता 'नगर' होत होती. दप्तरखान्याला पत्र आलं की या जागेवर देवस्थान, इनाम, स्मशान असं काही जुन्या कागदांत आहे का. शेषूने अप्पांच्या हातचं कार्ड काढलं. 'किट्टमेडू येथील लोखंड गाळण्याच्या चौदा भट्ट्या. भट्टीवाल्या घराण्यांची नावनिशी.' त्यावरून त्याने उत्तर लिहिलं, आक्षेपार्ह काही नाही. आणि मला म्हणाला, "घे अक्का, उंच जागा आहे. कावेरीला कितीही पूर येऊं दे, तितें पाणी चढणार नाहीं." त्याच्या शब्दावर आम्ही अकरा नंबरचा प्लॉट घेतला.

घर बांधताना जागेवर एक काळा ढीग होता. वरून काचेसारखे चकचकीत, आतून भोकाभोकाचे, हाताला जड असे गोळे. भट्टीतून लोखंड निघालं की उरणारं ते कीट. वसाहतीत असे बरेच ढीग होते, लोकांनी ते घरांच्या पायात भरले, रस्त्यावर टाकले. मी मात्र आमचे गोळे वेचून जाईच्या आळ्याभोवती कडं केलं. फार सुरेख दिसायचं. ढिगाच्या जागेवर आमचं स्वयंपाकघर आलं.

शहाण्णवच्या आडी, म्हणजे आषाढ महिन्यात पापनाशमहून अखिला नावाची एक मुलगी दप्तरखान्यात आली. कॉलेजात प्रबंध लिहीत होती. तिची आजी किट्टमेडूच्या भट्टीवाल्यांपैकी, आणि तिला आपल्या घराण्यातली जुनी नावं हवी होती. शेषूने तिला नावं वाचून दाखवली आणि जागा दाखवायला म्हणून मोपेडवर मागे बसवून माझ्याकडे घेऊन आला. मी थट्टा केली, "काय रे, चोपन्नाव्या वर्षी पत्रिका जुळली वाटतं!" तो लाजला. ती हसली नाही. तिची नजर जाईच्या आळ्यावर होती.

"हे तुम्ही कुठून उचललं?" तिने तमिळमध्ये विचारलं.

मी सांगितलं. ती म्हणाली, "आमची आजी दर आडी महिन्यात इथे यायची. प्रत्येक ढिगावर नाचणीची आंबील ओतायची. ढीग नऊ होते. ढिगाचा एक गोळासुद्धा उचलायचा नाही म्हणायची. खाली आपली माणसं बसली आहेत, त्यांचं दार उघडू नका."

मी तिला कॉफी दिली. तिने पेला तसाच ठेवला आणि मोपेडवर न बसता चालतच बसथांब्याकडे गेली. मला ते अपमानासारखं लागलं.

शेषूचं मात्र काहीतरी बिनसलं. त्यानंतर दर रविवारी तो दोरी आणि काठी घेऊन यायचा. वसाहतीच्या कडेला असलेल्या अय्यनारच्या देवळापासून दोरी धरायचा, मोजत मोजत माझ्या कंपाउंडात यायचा आणि काठी आपटून कान द्यायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "कांही नाहीं." शेजारचे कृष्णमूर्ती गच्चीवरून बघत असायचे. मला लाज वाटायची.

काही गोष्टी मलाही दिसत होत्या, पण मी त्यांना नाव देत नव्हते. नवा ग्राइंडर लावला की स्वयंपाकघराची जमीन घुमायची. गोल भांडं खाली ठेवलं की मधल्या खांबाकडे सरकत जायचं. उंबऱ्याजवळ सकाळी काढलेला कोलम दुपारपर्यंत एकाच रेषेत तडकायचा. मी पुसून दुसरा काढायची. घर नवं आहे, बसतंय, असं यजमान म्हणायचे, आणि मला तेच ऐकायचं होतं.

ऐप्पसीत, म्हणजे आश्विनात, पाऊस लागला तेव्हा एका दुपारी शेषू भिजत आला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलला.

"अक्का, तो कागद मी पुन्हा वाचला. पुरा वाचला. पोटांत लिहिलं आहे. लोखंडाचा दगड काढायला भट्टीवाल्यांनी खोल खड्डे खणले होते, आंतून एकमेकांना जोडलेले. पावसांत कोसळले. चार घरांची माणसं आंत राहिली. काढतां आली नाहींत. मग नऊ तोंडांवर लाकडाच्या फळ्या टाकल्या, वर माती, वर कीटाचा ढीग, खूण म्हणून. ढीग कोणी हालवूं नये, वर घर बांधूं नये, असा हुकूम आहे. देवळापासून अंतरं दिली आहेत, पण जुन्या काठीच्या मापानें. एक मी जुळवलं." त्याने पायाखाली बघितलं. "तें हें. तूं निघ हितून."

मला काय झालं ते मी लपवणार नाही. मला भीती वाटायला हवी होती, वाटला तो संताप. "म्हणजे अप्पा चुकले?" मी ओरडले. "ज्यांनी मला एक अक्षर शिकवलं नाही, ते अप्पा कागद न वाचताच कार्डं लिहीत होते? आणि तू मला हे अत्तां सांगतोस, घर बांधून झाल्यावर?"

"अप्पा चुकले," तो म्हणाला. "मीही चुकलों. सगळीं कार्डं तशींच आहेत, अक्का. हजारों."

हे त्याने नुसतं मला सांगितलं नाही. वर लेखी कळवलं. किट्टमेडूवर नऊ पोकळ जागा आहेत, माझं ब्याण्णवचं उत्तर चूक आहे, माझ्या वडिलांचं आणि माझं कोणतंही कार्ड मूळ कागद वाचल्याशिवाय खरं धरू नये. स्वतःच्या हाताने त्याने बापाची आणि आपली साठ वर्षांची मेहनत पुसून टाकली. असं धाडस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

आठवड्याने एक अधिकारी माझ्याकडे आला. सभ्य होता. म्हणाला, "एकाच माणसाने आधी नाही म्हटलं, आता हो म्हणतो. मूळ कागद दुसऱ्या कुणी वाचून सही करेल तर आम्ही पुढे जाऊ. पण दुसरा वाचणारा मिळत नाही. बाई, तुमच्या भावाची तब्येत कशी आहे?"

कृष्णमूर्ती कुंपणापाशी ऐकत उभे होते. शेषूच्या पत्रामुळे सगळी वसाहत माझ्याकडे वाकड्या नजरेने बघत होती, घरात अप्पांचा फोटो होता, आणि माझ्या मनात तो चाळीस वर्षांचा राग होता, जो अप्पांवर काढायचा तो मी शेषूवर काढला. मी म्हणाले, "त्याचं डोकं ठिकाणावर नाही." अधिकाऱ्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

कार्तिकात पाच दिवस सलग पाऊस पडला. विहिरीचं पाणी वाढायच्या ऐवजी एका रात्रीत तळाला गेलं. सहाव्या दिवशी सकाळी यजमान गावाला गेलेले, आणि शेषू आला. चपला बाहेर काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि मधल्या खांबापाशी फतकल मारून बसला.

"काय करतोस हे?"

"बसलों. तूं घराबाहेर गेलीस कीं उठतों."

"शेषू, तमाशा पुरे."

"सरी, पुरे. तूं जा, मी उठतों."

मी त्याच्यासमोर इडली ठेवली. "नक्को," म्हणाला. कॉफी ठेवली, तीही घेतली नाही. डिकॉक्शन ताजं होतं. दहा वाजले, अकरा वाजले. त्याचे गुडघे दुखरे, जमिनीवर बसला की उठायला त्याला आधार लागायचा, हे मला माहीत होतं. मी बोलले, रागावले, रडले. तो फक्त एवढंच म्हणत राहिला, "तूं जा, अक्का."

शेवटी मी चिडून छत्री उचलली. म्हटलं, कृष्णमूर्तींना बोलावते आणि याला हात धरून बाहेर काढते. अंगण ओलांडलं, फाटकापाशी पोचले आणि मागे वळून बघितलं. दारातून तो दिसत होता. मी बाहेर गेले हे बघून त्याने खांबाला हात लावला आणि उठायला लागला.

मोठा आवाज झाला नाही. कुणीतरी लांब श्वास सोडावा तसा झाला. खांब खाली गेला, त्याच्यामागे छप्पर बसलं, आणि माझं स्वयंपाकघर होतं तिथे लाल पाणी वर येऊ लागलं. तो सापडायला चार दिवस लागले. खाली त्याच्या जोडीला जुनी हाडंही निघाली. अखिला आली होती. तिने आंबील आणली होती, ती तिने शेषूसाठी आणि त्या जुन्या माणसांसाठीही ओतली.

सरकारने माझ्या प्लॉटला तारा लावल्या आणि कळवलं की अपघात अतिवृष्टीने झाला. शेषूच्या पत्रावर शेरा पडला, 'लेखकाची मनःस्थिती ठीक नव्हती, बहिणीने दुजोरा दिला.' तो शेरा मी वाचला आहे. बाकीच्या आठ जागांचं कुणी नाव काढत नाही. त्या शेषूनेही मोजल्या नव्हत्या. त्याने पहिली माझी मोजली.

त्याच्या खोलीत कागदाची त्याने करून घेतलेली झेरॉक्स मिळाली. साठीच्या घरात मी मोडी शिकायला बसले. शेषूच्या लहानपणच्या वह्या होत्या, आणि पिठात काढलेली काही अक्षरं बोटांना अजून आठवत होती. पहिली ओळ लावायला सात महिने गेले. मी काहीही सोडलं नाही. वर्षभरानंतर दुसऱ्या ढिगाचं अंतर लागलं. मी शेषूची दोरी घेतली आणि अय्यनारच्या देवळापासून मोजत निघाले. पोरं हसत होती. दोरी संपली ती कृष्णमूर्तींच्या माजघरात.

त्यांना सांगितलं. ते कुत्सितपणे नाही, कळवळ्याने म्हणाले, "बाई, भाऊ गेल्याचा धक्का आहे तुम्हाला. एकदा डॉक्टरांना दाखवा." त्यांच्या सुनेने मला पाणी दिलं. तिच्या कडेवर मूल होतं.

आज ऐप्पसीचा सहावा दिवस आहे, पाऊस लागला आहे. मी हे लिहून पूर्ण केलं आणि अखिलाच्या नावाने पोस्टात टाकायला शेजारच्या मुलीकडे दिलं. शेवटच्या चार ओळी मात्र वेगळ्या कागदावर, कृष्णमूर्तींच्या माजघरात बसून लिहिते आहे. चपला मी बाहेर काढल्या आहेत. सून घाबरून विचारते आहे, "पाट्टी, तुम्ही असं का बसलात?"

मी तिला सांगितलं, "तू बाळाला घेऊन बाहेर जा. मग मी उठते."