सुटं करता येणारं घर

आज भोपाळमध्ये, इंद्रपुरीतल्या माझ्या घराशेजारी सुतार रंधा मारत होता. ताज्या लाकडाच्या त्या वासाने मला इंग्लंडमधलं आमचं भाड्याचं घर आठवलं. कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं होतं, सोबत माझी बायको सुमनही होती. ओकच्या काळपट लाकडाचा सांगाडा आणि मधे मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती.

घरमालकीणबाईंनी तुळयांच्या सांध्यांवर कोरलेले आकडे दाखवले. सुतारांनी घर आधी दुसरीकडे जुळवलं, मग सुटं करून या आकड्यांवरून इथे पुन्हा उभं केलं, असं त्या म्हणाल्या.

सुमन त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. "अहो, आपलं नागपूरचं घर असं भोपाळला आणता आलं असतं तर?"

मी नुसता हसलो.

आता सुमन नाही. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, पुण्याला या." पण तिचं स्वयंपाकघर मी कसं उचलून नेऊ?